लोखंडी भिंतीपलीकडे डेटा पाठवायचा, तेही भोक न पाडता: अल्ट्रासाउंडची घरगुती जोडणी

आधी एक साधा प्रयोग करून बघा. चालू फोन स्टीलच्या डब्यात ठेवा, झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून रिंग मारा. पुष्कळदा तो आतून वाजतोच, आणि मग घरातले म्हणतात की तुमचं ते फॅरडेबिरडे, म्हणजे धातूचा बंद डबा रेडिओ लहरी अडवतो वगैरे, सगळं पुस्तकातलं आहे. तसं नाहीये. झाकण आणि डब्यामधली फट केसाएवढी असली तरी लांबीला ती डब्याच्या घेराएवढी असते आणि रेडिओ लहरीला निसटायला फटीची रुंदी नाही तर लांबी लागते. तोच डबा चहूबाजूंनी वेल्ड करून बंद केला तर खेळ खलास. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झची लहर तांब्यात जेमतेम १.३ मायक्रॉन शिरते तोवर तिचा जोर ३७ टक्क्यांवर येतो, पुढच्या प्रत्येक १.३ मायक्रॉनला परत तेवढीच घट, आणि आपण घेणार आहोत ती लोखंडी प्लेट १० मिलिमीटरची. हिशोब करायचीही गरज नाही.

तर पहिली पायरी हीच की तुमचा डबा खरंच बंद आहे का ते तपासा. फट असेल, काचेची खिडकी असेल, प्लास्टिकचं बूच असेल तर ब्लूटूथ लावून मोकळे व्हा, उगाच हा उद्योग करू नका. हा उद्योग त्यांच्यासाठी ज्यांच्यासमोर सलग धातू आहे आणि भोक पाडायची सोय नाही: जहाजाचं बूड, पाणबुडीचं कवच, केमिकल कारखान्यातलं प्रेशर व्हेसल, अणुकचऱ्याची सीलबंद पिंपं. अशा ठिकाणी वायर आत न्यायला एक भोक पाडलं की त्याला ग्लँड (वायरभोवतीचं घट्ट बूच) आली, सील आलं, दर वर्षीची तपासणी आली, आणि गळती झालीच तर ती तिथूनच होणार.

धातू रेडिओला अडवतो पण आवाजाला अडवत नाही, उलट हवेपेक्षा कितीतरी चांगला नेतो. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, पोलादात ५९०० च्या आसपास. रेल्वेच्या रुळाला कान लावून गाडी ऐकायची तीच गोष्ट, फक्त आपण कानाला ऐकू न येणारा, १.७ मेगाहर्ट्झचा आवाज वापरणार आहोत: भिंतीच्या एका बाजूला चिकटवलेली पिझो सिरॅमिकची डिस्क तो पाठवणार, पलीकडे चिकटवलेली तशीच डिस्क ऐकणार. आणि हे काही नवं नाही, पिझो परिणाम, म्हणजे काही स्फटिक दाबले की वीज तयार होणं, क्युरी बंधूंनी १८८० मधे दाखवला (उलटही होतं, वीज दिली की स्फटिक हलतो), पहिल्या महायुद्धात लांजव्हँ यांनी पोलादी प्लेटांमधे क्वार्ट्झ दाबून पाणबुडी शोधायचं यंत्र केलं. अलीकडे अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकच्या लोकांनी ६३.५ मिलिमीटर जाड पोलादातून सेकंदाला १७ मेगाबिटच्या वर डेटा आणि सोबत ५० वॅट पॉवर एकाच वेळी पलीकडे नेली, त्याचा पेपर २०१३ चा आहे. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या लोकांनी टायटॅनियमच्या प्लेटमधून एक किलोवॅटच्या वर पॉवर नेऊन दाखवली. आपण घरी ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटवर, समाधान मानू, तापमान आणि प्रेशरच्या रीडिंगला तेवढं पुरून उरतं.

सगळा खेळ सांध्याचा आहे

सर्किट सोपं आहे, कोड त्याहून सोपा, पण जे लोक अपयशी होतात ते डिस्क आणि लोखंड यांच्यामधल्या सांध्यात होतात. मीही झालो. म्हणून हे आधी सांगतो.

प्रत्येक पदार्थाचा आवाजाला एक विरोध असतो, ध्वनी-इम्पिडन्स म्हणतात त्याला. पोलादाचा ४६ च्या आसपास, पिझो सिरॅमिकचा ३०-३४, पाण्याचा दीड, आणि हवेचा ०.०००४, सगळे एकाच एककात, मेगारेल. दोन पदार्थांचे आकडे जेवढे जवळ तेवढा आवाज एकातून दुसऱ्यात सहज जातो. सिरॅमिक थेट पोलादाला भिडलं तर सीमेवरून ९७ टक्के ऊर्जा पार होते. पाण्यातून पोलादात जाताना १२ टक्के. आणि हवेतून पोलादात? ०.००४ टक्के सुद्धा नाही. म्हणजे डिस्कखाली एक पातळ हवेचा थर राहिला तर तुमचा सिग्नल तिथेच संपला, मग वर कितीही भारी अँप्लिफायर लावा.

याच कारणाने ते दोन डोळ्यांचं अंतर मोजायचं सेन्सर मॉड्यूल, जे रोबोटवर लावतात, ते इथे चालत नाही. सगळे आधी तेच घेऊन येतात कारण ते घरात पडलेलं असतं. ते ४० किलोहर्ट्झवर हवेत बोलायला बनवलेलं आहे, आतला शंकू हवेशी जुळवलेला आहे, लोखंडाला टेकवून काही उपयोग नाही.

सामान

डिस्क: बाजारात पाण्याचं धुकं उडवायचं जे मिस्ट मेकर मिळतं त्याची १.७ मेगाहर्ट्झची २० मिलिमीटर व्यासाची सुटी सिरॅमिक डिस्क. दोन लागतात, चार घ्या, एक तरी सोल्डर करताना जाणार. घेताना एकच बघा की डिस्क भरीव आहे. ह्युमिडिफायरची दुसरी एक ११३ किलोहर्ट्झची रिंग मिळते, मधे जाळीचा पत्रा असलेली, ती नको. भरीव डिस्कला बहुतेकदा पुढच्या तोंडाची चांदी कडेवरून मागे वळवलेली असते, म्हणजे दोन्ही वायरी मागच्याच बाजूला लागतात आणि पुढचं तोंड चिकटवायला मोकळं राहतं, आपल्याला अगदी हेच पाहिजे.

मिस्ट मेकरचा स्वतःचा ड्रायव्हर बोर्ड वापरू नका. तो पूर्ण ताकदीने डिस्क हलवतो, वर पाणी नसेल तर डिस्क तापून तडकते.

बाकी यादी: दोन आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड), एक एसआय५३५१ क्लॉक जनरेटर मॉड्यूल (हवी ती फ्रिक्वेन्सी काढणारं), ७४एचसीटी०८ गेट (दोन्ही इनपुट हाय असतील तरच आउटपुट हाय), टीसी४४२७ मॉस्फेट ड्रायव्हर (डिस्कला जोर देणारी चिप), एलएम३९३ कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप), दोन शॉट्की डायोड (१एन५७११ किंवा बॅट८५), थोडे कपॅसिटर, रेझिस्टर, १० किलोओमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला यातलं बरंचसं मिळतं, क्लॉक मॉड्यूल आणि डिस्क ऑनलाइन मागवावी लागेल बहुधा. गेट घेताना एचसीटीच घ्या, एचसी नको. क्लॉक मॉड्यूलचं आउटपुट तीन व्होल्टच्या आसपासचं असतं आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसी गेटला साडेतीनच्या खाली हाय दिसतच नाही, एचसीटीला २ व्होल्ट पुरतात. दुकानदार म्हणेल सेमच आहे. सेम नाहीये.

आणि लोखंड. फॅब्रिकेशनवाल्याकडून १० मिलिमीटर एमएस (माइल्ड स्टील) प्लेटचा १५ बाय १५ सेंटिमीटर तुकडा कापून आणा, पावणेदोन किलो भरतो. थेट डब्यावर सुरुवात करू नका, आधी सपाट प्लेटवर जमवा, कारण दोन्ही बाजू डोळ्यांसमोर असतात.

प्लेट तयार करणं आणि डिस्क चिकटवणं

रंग, गंज आणि मिलची काळी पापडी, सगळं काढायचं. ग्राइंडर मारला तर खड्डे पडतात म्हणून शेवट हातानेच करा, आधी १२० चा सँडपेपर, मग २२०, मग ४००, एखाद्या सपाट लाकडाला गुंडाळून. नखाने चाचपून रेघ लागता कामा नये. मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा अॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका, बोटाचं तेल पुरेसं असतं इपॉक्सी सोडवायला.

दोन डिस्क एकमेकींच्या बरोब्बर समोर यायला पाहिजेत. पोलादात १.७ मेगाहर्ट्झची लहर साडेतीन मिलिमीटर लांबीची असते आणि २० मिलिमीटरच्या डिस्कमधून निघालेला आवाज पहिल्या २८-२९ मिलिमीटरपर्यंत टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, फारसा पसरत नाही. म्हणजे १० मिलिमीटर प्लेटपलीकडे झोत अजून २० मिलिमीटरचाच आहे, डिस्क एक सेंटिमीटर सरकली तर अर्ध्याहून जास्त झोत वाया. प्लेटच्या कोपऱ्यातून मोजून दोन्हीकडे खूण करा. बंद डब्यावर जिथे आतलं दिसत नाही तिथे आतली डिस्क साधारण जागेवर लावून, बाहेरची पक्की चिकटवण्याआधी जेलवर सरकवत सिग्नल कुठे जास्त येतो ते शोधायचं, तेच खरं मोजमाप.

आधी वायर सोल्डर करा, मग चिकटवा. इपॉक्सीच्या सांध्यावर नंतर सोल्डरिंग आयर्न टेकवलं तर सांधा सुटतो. सिरॅमिक जास्त तापलं की त्याचा पिझो गुणच जातो, त्यामुळे टोक टेकवलं, टिन धरलं, उचललं, एक-दोन सेकंदात काम झालं पाहिजे. चांदीचा थर फार पातळ असतो, घासत बसलात तर तो टिनमधे विरघळून जातो आणि खाली पांढरं सिरॅमिक दिसायला लागतं. एकदा तसं झालं की ती डिस्क गेली. या सिरॅमिकमधे शिसं असतं, त्यामुळे तडकलेली डिस्क फाइलने घासू नका, तुकडे पिशवीत घालून ई-कचऱ्यात द्या, हात धुवा.

पक्कं चिकटवण्याआधी सोनोग्राफीच्या जेलचा थेंब लावून चाचणी घ्या. मेडिकलमधे मिळतं, वर एक वजन ठेवलं की बास, पंधरा-वीस मिनिटं मस्त चालतं, मग सुकायला लागतं. ग्रीस किंवा मधही चालतो, मधाला मुंग्या येतात एवढंच.

जमलं की इपॉक्सी. दोन ट्यूबवालं साधं, सावकाश वाळणारं, पातळ. पाच मिनिटांत घट्ट होणारं घेऊ नका, बुडबुडे निघायला वेळच मिळत नाही. कणकेसारखं मळून लावायचं ते तर अजिबात नको. मिसळताना फेटायचं नाही, हळूहळू ढवळायचं, मग डिस्कच्या मध्यभागी एकच थेंब आणि वरून गोल गोल दाबत खाली न्यायचं म्हणजे हवा कडेने निघून जाते. थर कागदापेक्षा पातळ राहिला पाहिजे. इपॉक्सीत लहर दीड मिलिमीटरच्या आसपास असते, थर त्याच्या वीस-पंचविसाव्या भागापेक्षा जाड झाला की तो सांधा न राहता मधे घातलेली एक वेगळी भिंत होते. वर क्लँप किंवा प्लेटच्या दोन बाजूंना दोन दणकट चुंबकं लावून रात्रभर सोडा. क्लँप आणि डिस्कच्या मधे रबराचा तुकडा ठेवा नाहीतर क्रॅक.

पाइपवर किंवा गोल टाकीवर लावायचं असेल तर सपाट डिस्क वक्र भिंतीला एका रेषेतच टेकते, दोन्ही बाजूला फट. तिथे एका तोंडाला वक्र आणि एका तोंडाला सपाट असा अॅल्युमिनियमचा ठोकळा टर्नरकडून करून घ्या. आणि कुणीतरी हमखास विचारतं म्हणून सांगतो, थर्मासमधून जात नाही. दोन भिंतींमधे निर्वात आहे, आवाज जाणार कसा.

पाठवणारी बाजू

सर्वात सोपी पद्धत घेऊ: एक आणि शून्य पाठवायला आवाज नुसता चालू-बंद करायचा. क्लॉक मॉड्यूल आयटूसीवरून (दोन तारांची डेटा-जोडणी) आर्डुइनोला जोडा आणि त्याच्याकडून १.७ मेगाहर्ट्झची अखंड स्क्वेअर वेव्ह घ्या. आर्डुइनोच्या स्वतःच्या टायमरने पण काढता येते पण १६ मेगाहर्ट्झला पूर्ण आकड्याने भागून १.६ येतो, पुढचा थेट १.७८, मधलं काही नाही, आणि आपल्याला तर किलोहर्ट्झ किलोहर्ट्झने सरकायचं आहे. ती वेव्ह ७४एचसीटी०८ च्या एका पायाला, दुसऱ्या पायाला आर्डुइनोची सीरियल टीएक्स (डेटा पाठवणारी) लाइन. गेटचं आउटपुट टीसी४४२७ ला, त्याचं आउटपुट १० ओमचा रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर यातून डिस्कला, डिस्कची दुसरी वायर ग्राउंडला. ड्रायव्हर चिपच्या अगदी पायाशी ०.१ मायक्रोफॅरड आणि १० मायक्रोफॅरड दोन्ही लावा, हे विसरलात की सगळं सर्किट थरथरतं.

ड्रायव्हरला सुरुवातीला ५ व्होल्टच द्या. डिस्क म्हणजे वीजेच्या नजरेने दोन-तीन नॅनोफॅरडचा कपॅसिटर, तो सेकंदाला सतरा लाख वेळा भरायचा आणि रिकामा करायचा म्हटलं की ५ व्होल्टला ०.१ वॅट जातात आणि १२ व्होल्टला ०.६ वॅट. या चिपच्या डिप पॅकेजची मर्यादाच ०.७३ वॅट आहे. १२ व्होल्टवर बोट टेकवून बघा, लगेच काढाल.

आता एक बारीक गोष्ट जी मला उशिरा कळली. सीरियल लाइन रिकामी असताना हाय असते, म्हणजे काहीही पाठवत नसताना आवाज अखंड चालू राहणार, बॅटरी जाणार आणि पलीकडचा रिसीव्हर सतत दबलेला. उलटं पाहिजे. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअर सीरियल लायब्ररीला तिसरा पॅरामीटर असतो, उलट लॉजिकचा, तो ट्रू करा. दोन्ही बाजूला करा. मग शांतता म्हणजे खरंच शांतता आणि स्टार्ट बिटला आवाज सुरू.

ऐकणारी बाजू

इकडची डिस्क पण वीज तयार करते, आणि १० मिलिमीटर प्लेटमधून, सांधा चांगला असेल तर, अँप्लिफायरशिवाय डायोडला पुरेल एवढी करते, म्हणून आधी बिनअँप्लिफायरचंच करून बघा. डिस्कला समांतर १ किलोओम लावा. मग १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर सीरिजमधे, पुढे दोन शॉट्की डायोडचा व्होल्टेज डबलर, त्यानंतर १ नॅनोफॅरड आणि १० किलोओम समांतर. या जोडीचा टाइम कॉन्स्टंट १० मायक्रोसेकंद येतो: लहरीचं एक आवर्तन ०.६ मायक्रोसेकंदाचं, ते गुळगुळीत होतं, आणि ९६०० बॉडचा एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, तो स्पष्ट राहतो. ते समांतर १ किलोओम आणि सीरिज कपॅसिटर टाळू नका. प्लेटवर कुणी हातोडी किंवा पाना आपटला तर डिस्क चांगलाच व्होल्टेज फेकते, हे दोघं मिळून तसले मंद धक्के गिळून टाकतात.

पुढे एलएम३९३. प्लसला डायोडचं आउटपुट, मायनसला प्रीसेटमधून थ्रेशोल्ड (आवाज आहे की नाही ते ठरवायचा उंबरा), आउटपुटला १० किलोओमचा पुल-अप (५ व्होल्टकडे जोडलेला रेझिस्टर) आणि आउटपुटपासून प्लसकडे १ मेगओम, म्हणजे उंबऱ्यावर घुटमळणार नाही. हे आउटपुट थेट दुसऱ्या आर्डुइनोला. शिवाय डायोडचं आउटपुट १० किलोओममधून अॅनालॉग पिनलाही द्या, पुढच्या पायरीला लागेल.

सिग्नल कमी पडला तर अँप्लिफायर लावा पण एलएम३५८ लावू नका. सगळ्यांकडे तोच असतो, पण एक मेगाहर्ट्झच्या पुढे त्याचा गेन संपलेला असतो. साधा बीसी५४७ ट्रान्झिस्टर एका स्टेजला जास्त चांगलं काम करेल.

थांबा, आधी खात्री करा की आवाजच जातोय

इथे मी दोन दिवस फसलो. पहिल्याच संध्याकाळी डेटा यायला लागला, एकही चूक नाही, मी खुशीत घरच्यांना बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी वजन काढलं, ऐकणारी डिस्क प्लेटवरून उचलून हातात धरली, आणि डेटा येतच राहिला. दोन्ही आर्डुइनो एकाच लॅपटॉपच्या यूएसबीवर होते, ग्राउंड एकच, शिवाय लोखंडी प्लेट दोन्हीकडे टेकलेली, त्यामुळे माझा "बिनतारी" डेटा मस्तपैकी तारेतून येत होता. आवाजाचा त्यात काही संबंधच नव्हता.

म्हणून ही तपासणी टाळायची नाही. पाठवणारी बाजू पॉवर बँकवर किंवा बॅटरीवर घ्या, लॅपटॉपपासून पूर्ण तोडा. मग जेलवरची डिस्क उचलून, जेल पुसून, खाली कोरडा कागद घाला आणि परत ठेवा. कागदात हवा असते, आवाज थांबलाच पाहिजे. सिग्नल तरीही आला तर तो वीजेचा आहे. ऑसिलोस्कोप असेल तर अजून पक्कं: पाठवल्याची कड आणि मिळाल्याची कड एकाच स्क्रीनवर बघा. फक्त एवढ्या तपासणीपुरता स्कोपचा ग्राउंड दोन्ही बाजू जोडणार, म्हणजे चोरटा सिग्नल परत येऊ शकतो, पण तो उशीर न होता त्याच क्षणी येतो. आवाजाला १० मिलिमीटर पोलाद पार करायला १.७ मायक्रोसेकंद लागतात, खरा सिग्नल तेवढा मागे पडलेला दिसेल.

चोरटा सिग्नल कमी करायला डिस्कच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून घ्या, जमल्यास शील्डेड केबल. आणि डिस्कचं जे तोंड प्लेटला लागतं ते ग्राउंडचं ठेवा, सिग्नलचं नको, म्हणजे प्लेट स्वतःच पडदा होते.

फ्रिक्वेन्सी शोधणं

डिस्कवर १.७ लिहिलेलं असतं म्हणून १.७ वरच बसायचं असं नाही. प्लेटच्या आत आवाज या तोंडावरून त्या तोंडावर आपटत राहतो आणि ज्या फ्रिक्वेन्सीला या उड्या एकमेकींना साथ देतात तिथे भरपूर पार होतो, मधल्या जागी अगदी कमी. नुसत्या १० मिलिमीटर पोलादाला अशी शिखरं २९५ किलोहर्ट्झच्या अंतराने यायला पाहिजेत (५९०० भागिले जाडीची दुप्पट), पण दोन्ही डिस्कची जाडीही त्यात धरली जाते म्हणून प्रत्यक्षात ती अजून जवळजवळ येतात. कागदावर नेमकं काढायच्या फंदात पडू नका, मोजा.

पाठवणाऱ्या आर्डुइनोला सांगा की १.४ पासून २ मेगाहर्ट्झपर्यंत एक-एक किलोहर्ट्झने सरक, प्रत्येक ठिकाणी २० मिलिसेकंद थांब. यावेळी टीएक्स लाइन कायम हाय. तिकडे अॅनालॉग पिन वाचून सीरियल प्लॉटरवर काढा. सह्याद्रीची डोंगररांग दिसेल, दोन-तीन मोठे सुळके आणि मधे दऱ्या. एकही सुळका नाही, सगळीकडे सपाट, तर सांध्यात हवा आहे, परत चिकटवा.

आता मोह होतो सगळ्यात उंच सुळका घ्यायचा. घेऊ नका. अरुंद आणि उंच सुळका म्हणजे तिथे आवाज घुमत राहतो, बंद केल्यावरही विझायला वेळ लावतो, आणि एक बिट पुढच्या बिटात मिसळतो. शिवाय लोखंड तापलं की त्यातला आवाजाचा वेग कमी होतो, सुळका सरकतो, आणि अरुंद असेल तर तुम्ही थेट दरीत. थोडा बुटका पण रुंद माथ्याचा घ्या, पठारासारखा, आणि त्याच्या मध्यावर बसा.

डेटा पाठवणं

थ्रेशोल्ड असा लावा: आवाज चालू ठेवून डायोडचं आउटपुट मोजा, बंद करून मोजा, प्रीसेट दोघांच्या मधोमध, थोडा वरच्या बाजूला. मग १२०० बॉडपासून सुरू करा. २४००, ४८००, ९६००. माझ्या प्लेटवर ९६०० ला नीट चाललं, १९२०० ला अधूनमधून कचरा यायला लागला.

वेग का वाढत नाही ते समजून घ्या, कारण सगळे इथे अँप्लिफायर वाढवायला जातात आणि त्याने काही होत नाही. कड्यासमोर उभं राहून हाक मारलीत की प्रतिध्वनी येतो. सावकाश एकेक शब्द बोललात तर तो येऊन विरतो, मग पुढचा शब्द. भरभर बोललात की आधीचा प्रतिध्वनी नव्या शब्दावर येऊन बसतो, आणि जोरात ओरडलात तर प्रतिध्वनीही तेवढ्याच जोरात येतो. प्लेटमधे तर आवाज एक फेरी साडेतीन मायक्रोसेकंदांत मारतो आणि कितीतरी फेऱ्या मारून मगच मरतो. रेन्सेलरवाल्यांनी यावर जो उपाय केला तो आपल्या फोरजी फोनमधे आणि वाय-फायमधे आहे तोच, ओएफडीएम: एकच माणूस भरभर बोलण्याऐवजी शेकडो माणसं वेगवेगळ्या सुरात सावकाश बोलतात, आणि प्रत्येक शब्दामागे थोडी मोकळी जागा सोडतात, प्रतिध्वनी त्यात विरून जातो. आर्डुइनोवर हे होणार नाही, त्याला वेगवान एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप) आणि बराच गणिती कोड लागतो.

कच्चे आकडे नुसते सोडू नका. प्रत्येक पॅकेटमधे आधी दोन ठराविक बाइट, मग लांबी, मग क्रमांक, मग रीडिंग आणि शेवटी सीआरसी-८, म्हणजे चूक ओळखायचा एका बाइटचा तपासणी-आकडा. सीआरसी जुळला नाही की पॅकेट फेकून द्या, आत तापमान काही सेकंदाला बदलत नाही, तेच रीडिंग तीनदा पाठवलं की एक तरी पोचतं. क्रमांकावरून किती हरवली ते कळतं, आणि हा आकडा लिहून ठेवा, पुढे सांधा सुटायला लागला की तोच आधी सांगतो.

आतल्या बाजूला वीज कुठून

बॅटरी संपली तर डबा कापावा लागेल, हा खरा प्रश्न. दर दहा मिनिटांनी एक पॅकेट पाठवून बाकी वेळ झोपायचं ठरवलं तर बॅटरी पुष्कळ दिवस जाते, पण त्यासाठी साध्या आर्डुइनो बोर्डवरचा पॉवरचा दिवा आणि रेग्युलेटर काढून टाका, नाहीतर झोपेतही तो पिऊन टाकतो. एसआय५३५१ ला सुद्धा पॉवर पिनवरून बंद करा.

दुसरा रस्ता बाहेरूनच आवाजाने पॉवर द्यायची. बाहेरची डिस्क अखंड चालू, आत डायोड आणि मोठा कपॅसिटर. आपल्या ५ व्होल्टच्या ड्रायव्हरने काही मिलीवॅटच्या पुढे फार अपेक्षा ठेवू नका, पण झोपून उठणाऱ्या सेन्सरला तेवढ्यात भागवता येतं. यातलं सगळ्यात हुशार काम म्हणजे आत ट्रान्समीटरच ठेवायचा नाही: आतल्या डिस्कवर एक ट्रान्झिस्टर लावून तिला शॉर्ट करायची आणि सोडायची, त्याने परत येणाऱ्या आवाजात जो फरक पडतो तो बाहेरच्या डिस्कने वाचायचा. फरक फार बारीक असतो, मोठ्या प्रतिध्वनीच्या ढिगातून सुई शोधल्यासारखा, त्यामुळे आधी वरचं सगळं नीट चालल्यावरच हात घाला.

कुठे लावायचं नाही

गॅस सिलिंडर, प्रेशर कुकर, कॉम्प्रेसरची टाकी, चालू बॉयलर. यांना सँडपेपरही मारायचा नाही. कारखान्यातलं व्हेसल असेल तर तिथल्या सेफ्टीवाल्याच्या लेखी परवानगीशिवाय डिस्क चिकटवू नका, आणि ज्वालाग्राही माल असेल तर हे घरगुती सर्किट तिथे न्यायचंच नाही. अल्ट्रासोनिक क्लीनरचे ते बोल्टवाले जाड ट्रान्सड्युसर पण सुरुवातीला नको, त्यांना शेकडो व्होल्टने हाकतात.

शेवटचं काम: सगळं जोडून झालं की चोवीस तास चालू ठेवा, आणि त्यात एक दुपार येऊ द्या. माझी प्लेट गच्चीत होती. रात्रभर एक पॅकेट हरवलं नाही, आणि दुपारी ऊन तापल्यावर निम्मी गायब, संध्याकाळी परत सगळी हजर. सुळका सरकला होता. तेव्हापासून बाहेरच्या आर्डुइनोला सांगून ठेवलंय की सलग पाच पॅकेट आली नाहीत की थ्रेशोल्ड थोडा खाली घे, त्यासाठी प्रीसेटच्या जागी पीडब्ल्यूएम (पिन भराभर चालू-बंद करून हवं तेवढं व्होल्टेज काढणं) आणि ते गुळगुळीत करायला एक आरसी फिल्टर लावला, आणि आतला आर्डुइनो दर तासाला स्वतःहून तीन जवळच्या फ्रिक्वेन्सींवर तेच पॅकेट फिरवून पाठवतो, त्यातली एक तरी पठारावर असते.